खोक्यावरचा हात

चित्र सकाळी भिंतीवर लागलं आणि दुपारच्या जेवणापर्यंत घरात दोन तट पडले. दिवेलागणीपर्यंत या तटातली माणसं त्या तटात आणि त्यातली यात जाऊन बसणार होती, पण हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मोठीआईने त्याला वेड्यात काढलं असतं. तिला आपली माणसं ठाऊक होती. निदान सकाळपर्यंत तरी तसं वाटत होतं.

कारखान्याच्या डोक्यावरची ही लांब खोली तिच्या सासऱ्यांनी बांधून घेतलेली. कुलपांच्या धंद्यात मालकाने कारखान्यापासून लांब झोपू नये, असं त्यांचं म्हणणं. खाली दाबयंत्रं, वर जेवणाचं टेबल. यंत्रं चालू असली की टेबलावरचे पेले आपसात कुजबुजल्यासारखे किणकिणायचे, आणि लग्न होऊन आली तेव्हा मोठीआईला त्याने पहिले काही महिने घास गिळवत नसे. आता उलट झालं होतं. आज सुट्टी, यंत्रं बंद, पेले गप्प, आणि तिला कसंतरीच होत होतं.

जाहिरातीचं कुठलंही चित्र छापायला जाण्याआधी टेबलासमोरच्या भिंतीवर टांगायचं आणि घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईने 'चालेल' म्हटल्याखेरीज खाली उतरवायचं नाही, हा या घराचा नेम. तो सासूबाईंपासूनचा. एकदा सासऱ्यांनी हौसेने मोठं रंगीत चित्र करून घेतलं, शहरभर त्याच्या प्रती लागल्या, आणि घरातली प्रत बघून सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, "किल्ली उलटी धरलीय की हो. दात वर आलेत. अशी ती आपल्या कुलपात जायची नाही." सासरे घास हातात धरून तसेच बसून राहिले. चित्रकार, छापखानेवाला, स्वतः ते आणि त्यांचे दोन मुलगे, एवढ्यांच्या नजरेतून जे सुटलं ते रोज दार ओढून घेणाऱ्या बाईला दिसलं. तेव्हापासून शेवटचा शब्द बाईचा. सासूबाईंमागे तो मोठीआईकडे आला, आणि किल्लीचे दात बघण्यापलीकडे त्याने तिला कधी घोर लावला नव्हता.

दुसरा नेम तिच्या नवऱ्याने घातलेला. जाहिरातीत माणूस दिसायचं तर ते घरचंच. परक्याच्या चेहऱ्यावर आपलं कुलूप का विकायचं, असं तो म्हणे. म्हणून एका जुन्या चित्रात तिचाच हात किल्ली फिरवतो आहे, कोवळा, भरलेला. दुसऱ्या एकात बंद दाराआड पाळण्यात झोपलेलं बाळ आहे, तो दादा, तिचा मुलगा, आज साठीला टेकलेला आणि या क्षणी समोर बसून नखं खाणारा. आणि ज्या चित्राने या घराला नाव दिलं, ते तर प्रत्येक खोक्यावर होतं: अंधारातून कुलपाकडे सरकणारा एक हात, मनगटाला वेटोळं घालून बसलेला गोंदलेला साप. लोक दुकानात कंपनीचं नाव घेतच नसत. 'ते हाताचं कुलूप द्या,' म्हणत.

तो हात भावजींचा. तिच्या धाकट्या दिरांचा.

आणि आज भिंतीवर जो हात होता तो चिंगीचा.

चिंगी म्हणजे दादाची लेक. जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती म्हणून पडलेलं नाव, तिशी उलटली तरी सुटलं नव्हतं. ती लहान मुलांना पोहायला शिकवायची. उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत गोंदलेला, वेली, वेलींत पानं, पानांआड मासे. चित्रात निळं दार होतं, दाराला पितळी कुलूप, त्यात किल्ली, आणि कुलपावर तो हात. बस्स. शब्द जाहिरातवाल्याने कागदाच्या पट्टीखाली झाकून ठेवले होते. आधी चित्र बघा, मग शब्द, असं त्याचं म्हणणं. गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेला तो हसतमुख माणूस टेबलाच्या टोकाला बसला होता आणि बराच वेळ त्याला कुणी पाणीही विचारलं नव्हतं.

मोठीआईला खरा त्रास वेगळाच होता आणि तो ती कुणाला सांगू शकत नव्हती. सकाळी पडदा सारून वळली आणि चित्र पहिल्यांदा नजरेला पडलं, तेव्हा तिच्या मनात आलं: चोर. पापणी लवेपर्यंतच. मग कोपराजवळचा इस्त्रीचा जुना डाग दिसला आणि तिने नातीचा हात ओळखला. याच हाताला तिने साबण लावला होता, पाटीवर अक्षरं गिरवताना धरला होता. तरी आधी चोरच दिसला. हा दोष डोळ्यांचा की आणखी कशाचा, हे तिला उमगेना.

प्रकरण सुरू कसं झालं ते घरात एव्हाना सगळ्यांना पाठ होतं. चिंगीच्या वर्गात एक नवा मुलगा आला. पाण्याला न घाबरणारा, गोड. पहिल्याच दिवशी त्याने तिचा हात निरखून विचारलं, तू खोक्यावरची चोर आहेस का? त्याच्या घरी पेन्सिली ठेवायला हाताच्या कुलपाचं खोकं होतं. काठावर उभी असलेली आई हसली, चिंगीही हसली. दुसऱ्या दिवशी मुलगा आला नाही. मग त्याच्याबरोबर येणारी दोघं यायची थांबली. तलावाच्या व्यवस्थापकाने चिंगीला बोलावून, अगदी मऊ आवाजात, लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख मिळतो का बघ, म्हणून सुचवलं. त्या संध्याकाळी ती वर आली आणि बापासमोर खोकं आपटून म्हणाली की माझ्या पोटावर पाय देतंय ते माझ्याच घरचं खोकं आहे.

गंमत अशी की हा हात गोंदवून आली तेव्हा दादाच तिच्याशी कितीतरी दिवस बोलला नव्हता. सूनबाईनेच दोघांमध्ये निरोप्याचं काम केलं होतं. आज दादा लेकीच्या बाजूने छातीठोक उभा, आणि सूनबाई विरुद्ध.

"चोर दाखवायचा नाही, इतकंच करा ना," सूनबाई जेवणं आटोपताना म्हणाली. "तिचाच हात कशाला गावभर लावायचा? आज एका मुलाने विचारलं, उद्या रस्त्यावरची सगळी विचारतील."

"पण पट्टी काढली की सगळं उलटतं, वहिनी," जाहिरातवाला म्हणाला, आणि त्याने उठून पट्टी काढली. खाली चार शब्द होते: हे घर माझं आहे.

त्याचं म्हणणं ऐकायला बरं वाटत होतं. बघणाऱ्याला आधी चोर वाटेल, मग तो वाचेल, मग ओशाळेल, आणि मग त्याला हे कुलूप जन्मभर आठवेल. गोंदलेला माणूस म्हटलं की जाहिरातींतून गुंड, नाहीतर दारू पिणारा, नाहीतर मोटारसायकलवरून उडणारा. दार लावून कामाला जाणारा साधा माणूस कुणी दाखवलाच नाही. मोठीआई मान हलवत राहिली. मग तिने विचारलं, "ती दार लावतेय की उघडतेय?"

जाहिरातवाला चित्राकडे वळला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ते बघणाऱ्याने ठरवायचं. दादा म्हणाला, लावतेय. सूनबाई म्हणाली, उघडतेय, किल्ली दिसत नाही का अर्धी फिरलेली. हात जिचा तीच म्हणाली, मला आठवत नाही, फोटो काढणारा सांगत होता तसा धरला.

या सगळ्यात एक माणूस नव्हता आणि तो नसावा अशी व्यवस्था दादाने केली होती. काकांना आधी कळलं तर वाईट वाटेल, सगळं ठरल्यावर हळूच सांगू, असं म्हणून त्याने भावजींना गाडीने त्यांच्या बुद्धिबळाच्या मित्राकडे धाडलं होतं. मोठीआईला ते पटलं नव्हतं, पण ती बोलली नव्हती. मित्र तापाने आडवा झालेला निघाला. चहाची भांडी टेबलावर येतात न येतात तोच जिन्यावर भावजींची ओळखीची पावलं वाजली, दोन पायऱ्या चढून दम, दोन पायऱ्या चढून दम, आणि खोलीतल्या सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागलं.

भावजी आत आले, खुर्चीच्या पाठीला टेकून उभे राहिले, आणि त्यांना चित्र दिसलं. ते भिंतीपर्यंत गेले. नाक कागदाला टेकेल इतके जवळ. शब्दांकडे त्यांनी पाहिलंही नाही, ते हातच बघत होते. मग वळले, आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे आता चोर ही," ते म्हणाले.

दादाने पुन्हा नख दाताखाली धरलं.

"मला सांगायचं तरी. मी मेल्यावर खोक्यावर कोण येणार, याची मला काळजी होती. दादाचा हात म्हणजे नुसता पांढरा मुळा. त्याला बघून कोण दाराला कुलूप लावणार?" ते चिंगीशेजारी येऊन बसले आणि त्यांनी तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला. "मासे छान आहेत. पण बोटं चुकली. ही बघ अशी ठेवलीस, जशी दूधवाल्याला दार उघडतेस. चोराला घाई असते, बोटांना नसते. अंगठा आत घे. करंगळी जरा लांब, ती वास घेते."

मोठीआई बघत राहिली. भावजी तिची बोटं एकेक वळवत होते आणि चिंगी, जिने सकाळपासून सगळ्या घराला धारेवर धरलं होतं, मुकाट्याने वळवू देत होती. दोन हात टेबलावर एकमेकांजवळ, एक तुकतुकीत आणि हिरवागार, दुसरा सुरकुतलेला. त्यावरचा साप कधीच ढिला पडला होता, वेटोळं मनगटावरून तळव्याकडे ओघळलं होतं, फणा कुठला आणि शेपूट कुठली हे आता फक्त भावजींनाच ठाऊक.

"काका," दादा म्हणाला, "तसं नाहीये ते." त्याने जाहिरातवाल्याकडे पाहिलं, जाहिरातवाल्याने चहाकडे. सूनबाई बश्या एकात एक ठेवू लागली.

शेवटी चिंगीनेच सांगितलं. हात न सोडवता सांगितलं. मुलगा, खोकं, काठावरची आई, लांब बाह्या. भावजी मुलाच्या प्रश्नाला मोठ्याने हसले. मग कुणी हसत नाही असं बघून थांबले आणि एकेकाच्या तोंडाकडे बघू लागले, जसा बहिरा माणूस बघतो.

"मग चोर कुठाय?" त्यांनी विचारलं.

"चोर दाखवायचाच नाही," दादा म्हणाला.

"मग कुलूप कुणासाठी? वाऱ्यासाठी?"

यावर दादालाही हसू आलं, आणि त्या हसण्याने खोली जरा सैल झाली. सगळेच बोलू लागले. चोर दाखवायचाच तर गोंदणाशिवाय दाखवा, असं सूनबाईने सुचवलं. कोऱ्या हाताचा चोर चोर वाटत नाही, तो मालक वाटतो, असं जाहिरातवाला म्हणून गेला आणि मग स्वतःच गोंधळून चष्मा पुसू लागला. हातमोजे घाला, कुणीतरी म्हणालं. हातमोज्यांत तो डॉक्टर दिसेल, असं उत्तर आलं. भावजी म्हणाले की फुटलेली कुलपं बघायला ते जन्मभर लोकांच्या घरी गेले आणि पुढे जे चोर सापडले ते बहुतेक त्या घरचेच पुतणे-भाचे होते, हात कसे तर लोण्यासारखे. पण पुतण्याचं चित्र खोक्यावर टाकलं तर दुकानदार म्हणतील, घरातली भांडणं घरात ठेवा. दादाने पुतण्या या शब्दावर डोळे मोठे केले. भावजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मग बोलता बोलता भावजींनी आपल्या होऊ घातलेल्या सासऱ्याची गोष्ट काढली. ती ते प्रत्येक लग्नात सांगायचे. तरुणपणी त्यांचं एका टंकलेखिकेवर मन बसलं होतं, तिचंही त्यांच्यावर. बाकी सगळं जुळलं, आणि एका संध्याकाळी ते तिच्या घरी पहिल्यांदा गेले. बाप खिळे ठोकत होता. खिळे ठेवलेलं खोकं यांच्याच कारखान्याचं. भावजींनी चहाचा पेला घ्यायला हात पुढे केला, बापाने हाताकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, परत हाताकडे पाहिलं, आणि आतल्या खोलीकडे वळून मुलीला म्हणाला की दागिने कपाटात ठेव. "सासऱ्याने मला ओळखलं," भावजी शेवटी म्हणायचे, "पण जरा जास्तच." इथे सगळ्यांनी हसायचं असे. आज दादा सवयीने हसला. जाहिरातवाला तर खुर्चीतून पडायच्या बेताला आला. भावजी पुढे एकटेच राहिले होते, तो भाग गोष्टीत नसायचा.

चिंगी हसली नाही. "वाईट वाटलं होतं का तुम्हाला?" तिने विचारलं.

"छे," भावजी म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे तेव्हा..." मग जरा वेळाने, "तसं बघितलं तर..." आणि थांबले. त्यांच्या कपाळावर आठ्या जमल्या, जशा हरवलेली वस्तू कुठे ठेवली ते आठवताना जमतात. "इतकी वर्षं विनोद म्हणून सांगतोय," ते म्हणाले, "आता त्याच्या खाली काय होतं ते दिसतच नाही गं. वहिनी, तुला आठवतं? मी घरी आलो तेव्हा कसा होतो?"

मोठीआईने आठवून पाहिलं. तिला त्या संध्याकाळचं सगळं आठवत होतं. दिवा कुठे होता, कुणी काय नेसलं होतं, टेबलावर कुठली भांडी होती. भावजी आले, हात धुतले, पोटभर जेवले आणि जेवतानाच ही गोष्ट सांगितली. तिचा नवरा हसून हसून खोकला, सासऱ्यांनीही मिशीत हसून घेतलं. पोरगा हसत सांगतोय म्हटल्यावर कोण हसणार नाही? पण सांगून झाल्यावर भावजींचा चेहरा कसा होता, तेवढंच आठवेना. सगळ्यांनी हसत एकमेकांकडे पाहिलं होतं. त्यांच्याकडे कुणी पाहिलं होतं की नाही, देव जाणे.

"जेवलात तुम्ही," ती म्हणाली. "दोनदा वाढून घेतलंत."

"मग वाईट वाटलं नसेल," भावजी म्हणाले, पण खात्री नसल्यासारखे.

यानंतर माणसं सरकू लागली. आधी सूनबाई. तिने बश्या खाली ठेवल्या आणि म्हणाली, काढा तो साप खोक्यावरून, आणि माझ्या मुलीचा हात लावा खुशाल. एका पिढीचं घर वसलं नाही, तेवढं पुरे झालं. ऐकून दादाने जे तोंड केलं ते बघण्यासारखं होतं, कारण नेमका त्याच घटकेला तो उलटीकडे निघाला होता. काकांचा हात काढायचा म्हणजे काकांनाच काढल्यासारखं, मी असताना ते व्हायचं नाही, असं तो म्हणाला. सकाळी चार माणसांसमोर नव्या चित्रासाठी टेबलावर मूठ कुणी आपटली होती, असं सूनबाईने विचारलं. सकाळी काका इथे नव्हते, असं तो म्हणाला. नव्हते की तू ठेवले नव्हतेस, असं मोठीआईच्या ओठांवर आलं, आणि तिने चहाचा पेला ओठांना लावला.

जाहिरातवाल्याने मग तोडगा काढला. त्याचे डोळे चमकत होते. दोन्ही हात एका चित्रात, तो म्हणाला, म्हाताऱ्या हातातून तरुण हातात किल्ली जाते आहे, साप आणि मासे, एक घर, दोन पिढ्या, असं आजवर कुणी केलेलं नाही. दादाला ते लगेच आवडलं. सूनबाईलाही. मोठीआईलासुद्धा क्षणभर सुटल्यासारखं वाटलं.

"नको," भावजी म्हणाले. "या हाताने इतकी वर्षं घरं फोडली. आता एका सुट्टीत तो साव कसा होईल? लोक म्हणतील, चोराला पेन्शन दिली."

"मलाही नको," चिंगी म्हणाली.

"तुला काय झालं आता? हे सगळं तूच..." दादाचा आवाज चढला.

"मीच. दुपारपर्यंत मला तेच हवं होतं." ती आपल्या हाताकडे बघत होती, अंगठा अजून भावजींनी वळवला तसाच आत होता. "खोक्यावर चोर म्हणून लागायचं नाही, आणि बघा बघा ही चोर नाही, म्हणूनही लागायचं नाही. मला कुणाला ओशाळवायचं नाहीये, बाबा. मला पोरांना पाण्यात उतरवायचंय. पण मग खोकंही नको. आणि आता खोकं जावं असंही वाटत नाही. मला कळत नाहीये."

तिला कळत नव्हतं ते कुणालाच कळत नव्हतं. खोलीत सहा शहाणी माणसं, आणि जिकडे हात घालावा तिकडे काटा. जुना हात ठेवला तर नातीच्या पोटावर पाय. काढला तर दिराच्या आयुष्यात जी एकच गोष्ट नाव घेण्यासारखी झाली होती, ती पुसायची. आणि ती गोष्ट तरी मान होती की डाग, हेही आता धड सांगता येईना. दादाने घड्याळाकडे पाहिलं. सकाळी छापखान्याला खोक्यांचं सांगायचं होतं, नाहीतर माल नुसता पडून राहिला असता. मग एकेकाची मान वळली आणि सगळे मोठीआईकडे बघू लागले. एवढा वेळ भांडून झाल्यावर त्यांना नेम आठवला होता.

तिने मनाशी ठरवलं. साप काढायचा, मासे लावायचे नाहीत, खोक्यावर नुसतं कुलूप. कुणालाच आवडणार नाही, म्हणजे बहुधा तेच बरोबर. ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात भावजी पेल्यातला गाळ बघत म्हणाले, "काढा नाहीतर ठेवा. वहिनी म्हणेल ते. मागे थोरला म्हणाला होता, तेव्हाही माझं काही म्हणणं नव्हतं."

"काय म्हणाले होते ते?" मोठीआईने विचारलं. तिला वाटलं होतं, आपल्याला ती गोष्ट माहीत आहे. भावजी घरातून पळाले, मालवाहू बोटीवर एक मोसम काढून परतले, मनगटावर साप, सासरे बोलेनात, आणि तिच्या नवऱ्याने त्या हाताचं सोनं केलं. घरात अशीच सांगायचे.

"म्हणाला, हात पुढे कर." भावजी सहज बोलत होते, हवापाण्याचं बोलावं तसं. "तेव्हा अजून भरला नव्हता गं तो. सुजून लाल झालेला, ठणकायचा. घरात कुणी बघत नव्हतं माझ्याकडे, थोरला आला आणि म्हणाला, हात पुढे कर. मी केला. मला वाटलं, मलम लावतोय. बरं वाटलं जरा. तोवर फोटोवाला तिकडून म्हणाला, हं, बोटं वाकवा."

खालच्या मजल्यावर नळ थेंब थेंब गळत होता.

मोठीआईच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला. सकाळपासून या हाताबद्दल घरातलं प्रत्येक माणूस बोललं होतं, बाहेरचा माणूसही बोलला होता, आणि ज्याचा तो होता त्याला बुद्धिबळ खेळायला धाडलं होतं. आता ती स्वतः निकाल द्यायला निघाली होती. नवऱ्याच्या वेळीही छापायची घाईच होती. तिनेही तसंच न विचारता उरकायचं?

"भावजी," ती म्हणाली, "तुम्हाला काय हवंय?"

"कशाचं?"

"हाताचं. राहू दे की काढू?"

भावजींनी वर पाहिलं. आधी तिच्याकडे, मग दादाकडे, जणू ती थट्टा करते आहे की काय याची खात्री करून घ्यायला. "मला?" ते म्हणाले. मग त्यांनी मनगट उलटंसुलटं करून बघितलं. बऱ्याच वेळाने त्यांनी मान हलवली. "माहीत नाही बुवा," ते म्हणाले. "एकदम कसं सांगू?"

"एकदम नका सांगू."

"काका, सकाळी छापखान्याला..." दादाने सुरुवात केली.

"कोरी जाऊ देत खोकी," मोठीआई म्हणाली.

दादाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. कोऱ्या खोक्यांत माल गेला तर दुकानदार उलट्या पावली परत पाठवतील, असं त्याने तिला नाना प्रकारे समजावलं. पाठवू देत, ती म्हणाली. भावजी सांगतील तोवर कोरी. जाहिरातवाल्याने अगदी नम्रपणे विचारलं की साधारण कधीपर्यंत, म्हणजे त्याला तसं कळवता येईल. ती म्हणाली, त्यांना विचारा, हात त्यांचा आहे. त्याने भावजींना विचारलं. भावजी म्हणाले, विचार करून सांगतो, आणि हे वाक्य उच्चारताना ते खुर्चीत जरा ताठ बसले.

"आणि हे चित्र?" सूनबाईने भिंतीकडे बोट केलं.

मोठीआईने चिंगीकडे पाहिलं. चिंगी उठली, निळ्या दारासमोर जाऊन उभी राहिली, आणि तिनेही तेच उत्तर दिलं, विचार करून सांगते. तेव्हा चित्र तिथेच राहिलं. ती दार लावते आहे की उघडते आहे, यावर जेवताना पुन्हा वाद झाला.

सकाळी यंत्रं सुरू झाली आणि पेले किणकिणू लागले. मोठीआई खिडकीशी आली. खाली अंगणात माल भरणं चाललं होतं. पांढऱ्या कोऱ्या खोक्यांचे ढीग, नवं रुग्णालय उघडल्यासारखे. दादा कपाळाला हात लावून पायरीवर बसला होता. भावजी टेम्पोला टेकून उभे होते, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून, मनगट पुढे करून काहीतरी विचारत होते, आणि जो तो डोकं खाजवत पुढे जात होता. टेम्पोवाला वर चढून खोकी रचत होता. एक खोकं त्याने उचललं, उलटं केलं, बाजूने पाहिलं, परत उलटं केलं.

"काका," त्याने वरून विचारलं, "हात कुठे गेला?"

"आहे," भावजी म्हणाले. "सध्या माझ्याकडेच आहे."